एस न लागणाऱ्या वस्तू

आमच्या घरातल्या सोफ्याला लाल चिठ्ठी आणि माझ्या पँटला निळी चिठ्ठी का लागली होती, याबद्दल आमच्या इमारतीत आजही चार मतं आहेत. पाचवं मत माझं आहे. ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहून काढतोय.

त्याचं असं झालं, की हिची खात्याची परीक्षा होती. ही म्हणजे माझी बायको. ती पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते, आणि बावीस वर्षं बसते आहे. नळाला पाणी नाही म्हणून सकाळी डोळे लाल करून आलेला माणूस हिच्यावर पाच मिनिटं ओरडतो आणि जाताना "ताई, तुमचा काही दोष नाही हो" असं म्हणून जातो. ही प्रत्येकाची तक्रार नीट लिहून घेते, त्यावर काय करायला हवं याची टीप लिहिते आणि तो कागद सहीसाठी आत पाठवते. आत कोणीतरी न वाचता सही करतं. त्या सहीच्या खुर्चीत बसायचं तर परीक्षा पास व्हावी लागते, आणि परीक्षा तीनदाच देता येते. ही दोनदा बसली होती. बाकीचे विषय पहिल्या फटक्यात सुटले. इंग्रजी मात्र एकदा तीन गुणांनी राहिलं आणि एकदा दोन गुणांनी. दोन्ही वेळेस घात केला तो चौथ्या प्रश्नाने: एकवचन-अनेकवचनाच्या चुका दुरुस्त करा, गुण वीस.

"आत बसते ती मुलगी मीच शिकवलेली," एकदा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ही म्हणाली. "मला ताई म्हणते आणि माझ्या टिपेखाली स्वतःची सही करते. तिचा राग नाही हो मला. पण निवृत्त व्हायच्या आधी एकदा तरी वाटतं, लिहावं पण मीच आणि सही पण मीच करावी."

बायकोने असं काही सांगितलं की शहाण्या माणसाने गप्प बसून घड्या घालायला मदत करावी. मी योजना आखली.

माझ्या योजनेला पाया होता. मी एका मोठ्या रुग्णालयात भांडारपाल आहे. कापूस, कात्र्या, चादरी, हातमोजे, साबण, सगळं माझ्या ताब्यात. माझ्याकडे वस्तू चिठ्ठीशिवाय आत येत नाही आणि चिठ्ठीशिवाय बाहेर जात नाही. एकदा एका मोठ्या डॉक्टरांची छत्री माझ्या टेबलाशी राहिली, तर दुसऱ्या दिवशी ती परत न्यायला त्यांना मागणीपत्र भरावं लागलं, कारण तोवर ती नोंदवहीत चढली होती. शिवाय हीच परीक्षा मी माझ्या खात्यात पहिल्याच वेळी पास झालो होतो. इंग्रजीत एकसष्ट. हे मी लग्नानंतर फार तर दोन-तीनशे वेळा सांगितलं असेल.

आता, इंग्रजीतलं एकवचन-अनेकवचन हे काही मोजण्याचं काम नाही. तसं असतं तर आमच्या भांडारातल्या हमालालाही ते आलं असतं. कात्री एक, तरी ती सीझर्स. पँट एक, तरी ट्राउझर्स. उलट घर खुर्च्या-टेबलांनी भरून वाहिलं तरी ते फर्निचरच, त्याला एस लावायचा नाही. बॅगा दहा असल्या तरी लगेज. दागिने कितीही असोत, ज्वेलरी. अर्थात आमच्याकडे हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. माणूस दोन्ही पायांनी चालत गेला तरी तो 'ऑन फूट' जातो, दुसरा पाय कुठे ठेवतो हे कोणी विचारत नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ॲडव्हाइस. सल्ल्याला अनेकवचनच नाही! ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना शेजारी नसावेत.

तर योजना अशी. ज्या वस्तूच्या नावाला कधीच एस लागत नाही तिला लाल चिठ्ठी. जिला कायम लागतो तिला निळी. चिठ्ठीवर शब्द लिहायचा नाही, कारण तो लिहिला तर ती कॉपी झाली, फक्त क्रमांक. शब्द वहीत. भांडारातून रद्दीत निघालेली एक कोरी वही मी घरी आणली होती. तिच्यावर 'वस्तू वाटप नोंद' असं छापलेलं होतं, पण वही चांगली जाड होती. एका रविवारी मी सकाळी बसलो आणि दुपारपर्यंत घर उरकलं. सोफा, कपाट, पलंग, टेबल लाल. बॅगा लाल. कपबशा म्हणजे क्रॉकरी, लाल. चमचे म्हणजे कटलरी, लाल. तिच्या बांगड्यांचा डबा लाल. निळ्यात माझ्या तीन पँटी, माझा पायजमा, माझा चष्मा आणि कात्री. पायताणांच्या मांडणीवर 'ऑन फूट' म्हणून लाल, दारात पाहुण्याशी हात मिळवतो, म्हणून कडीवर 'शेक हँड्स'ची निळी. परीक्षेला तीन आठवडे होते. घर असं शिस्तीत आलेलं पाहून मला भरून आलं.

ही दारात आली. नुसती बघत राहिली. मला वाटलं, भारावली.

मग सराव सुरू झाला. हिने कात्रीला हात घातला की मी आतल्या खोलीतून विचारायचो, "क्रमांक?"

"सतरा."

"शब्द?"

"सीझर."

"चूक!"

हा 'चूक' मी आधीच्या दोन्ही परीक्षांच्या वेळीही असाच फार प्रेमाने म्हणत असे, पण माझा आवाज भांडारात घडलेला आहे. तिथे पलीकडच्या गोदामातल्या माणसाला ऐकू जावं लागतं. आठ दिवसांत हिने कात्री वापरणं सोडलं आणि पाकिटं दाताने फाडायला लागली. मग सोफ्यावर बसायची बंद झाली. पुस्तक घेऊन जमिनीवर बसायची, भिंतीला टेकून, कारण भिंतीला चिठ्ठी नव्हती. मी मनात नोंद केली की जमिनीवर अभ्यास चांगला होतो.

याच सुमारास समोरच्या मावशी वाटीभर साखर मागायला आल्या. मी घरी एकटाच होतो. साखर घेऊन त्या लगेच जायला हव्या होत्या, पण त्यांची नजर सोफ्यावर गेली, मग कपाटावर, मग दोरीवर वाळणाऱ्या माझ्या पँटीवर.

"हे काय रे?"

"वर्गवारी आहे, मावशी," मी अभिमानाने म्हणालो. "लाल वेगळ्या, निळ्या वेगळ्या. गोंधळ नको पुढे."

मावशींनी वही उघडून बघितली. वरचं शीर्षक वाचलं. माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मला उगाचच आपण आजारी आहोत असं वाटलं. साखर तिथेच ठेवून त्या गेल्या.

संध्याकाळपर्यंत इमारतीत निकाल लागला होता. आमचं दोघांचं मोडलं. सामानाची वाटणी झाली. लाल तिचं, निळं माझं. आणि त्यातही लोकांचा जीव तुटत होता तो माझ्यासाठी: सगळं घर बायको घेऊन चालली आणि नवऱ्याच्या वाट्याला तीन पँटी, एक पायजमा, चष्मा आणि कात्री! वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "निदान पलंग तरी सोडू नका." तळमजल्यावरच्या वकिलांनी कात्री न्यायला मनाई केली, उद्या काही झालं तर आळ यायचा म्हणाले. एका काकूंनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, "माहेरी जाऊ नकोस, जायचंय तर त्याला जाऊ दे, त्याचं सामान थोडंच आहे." रात्रीचा आमटीभात दोन दिवस परस्पर शेजारून आला. वीस वर्षांत ज्यांनी आम्हाला नुसता चहा विचारला नव्हता, त्यांनी सुद्धा सल्ले दिले.

मुलगी बाहेरगावी शिकते. तिचा फोन आला.

"बाबा, खरं आहे का?"

"काय?"

"मावशीआजीने सांगितलं. बाबा, मी कोणत्या रंगात आहे?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "बाबा, आईला एकदा विचारलंत का, तिला हे हवंय का?" आजच्या पिढीला नियोजनाचं महत्त्व कळत नाही. मी विषय बदलला.

सोसायटीचे सेक्रेटरी मात्र रीतसर माणूस. ते 'सभासदत्वातील बदल' नावाचा फॉर्म घेऊन आले, तीन प्रतीत. मी त्यांना इंग्रजीचं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले.

"म्हणजे इंग्रजी यावं म्हणून सोफ्याला चिठ्ठी?"

"हो."

"आणि पँटला?"

"तिलाही इंग्रजीसाठीच."

"ठीक आहे," ते म्हणाले. "माणसं अशा वेळी काय वाटेल ते बोलतात. फॉर्म ठेवून जातो."

इथवर माझा फक्त अपमान झाला होता, आणि तो मी पोटात घातला. पण सेक्रेटरी पडले रीतसर. आम्ही दोघं नोकरीवर जातो, तेव्हा सहीने घ्यायची टपालं एरवी तेच घेऊन ठेवतात. त्या बुधवारी हिचं परीक्षेचं हॉल तिकीट आलं आणि त्यांनी ते घेतलं नाही. कोणाचं काय कोणाकडे जायचं ते ठरेपर्यंत मी जबाबदारी घेणार नाही, असं त्यांनी पोस्टमनला सांगितलं. पोस्टमनही कर्तव्यदक्ष निघाला. त्याने पाकिटावर शेरा मारला आणि ते आल्या वाटेने परत पाठवलं. परीक्षा रविवारी होती.

हे मला कळलं गुरुवारी संध्याकाळी, सेक्रेटरींच्याच तोंडून. तिसरी संधी, शेवटची संधी, आणि ती माझ्या चिठ्ठ्यांपायी जाणार! हिला काही न सांगता शुक्रवारी सकाळी मी परीक्षा कार्यालयात जाऊन उभा राहिलो. तिथल्या कारकुनाने गठ्ठ्यातून पाकीट काढलं, शेरा वाचला आणि पाकीट पुन्हा गठ्ठ्यात ठेवलं.

"उमेदवार या पत्त्यावर राहते की नाही याची खात्री नाही."

"राहते. मी नवरा आहे तिचा."

"ते तर शेऱ्यात आहेच," तो म्हणाला. "तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर नाही देता येणार. दोघं मिळून या, एकत्र राहतो असं लिहून द्या, दोघांच्या सह्या समोर करा. चारच्या आत."

हिच्या कार्यालयात मी आयुष्यात दुसऱ्यांदा गेलो. खिडकीसमोर रांग होती. रांगेत उभं राहावं लागलं, कारण मध्ये घुसणाऱ्याला ही उभं करत नाही, नवरा असला तरी. माझी पाळी आली तेव्हा तिने वर न बघता कागद ओढला आणि विचारलं, "काय तक्रार आहे?"

मी सांगितली. ती उठली, अर्ध्या दिवसाची रजा लिहिली, आतल्या मुलीची त्यावर सही घेतली आणि माझ्याबरोबर निघाली.

कारकुनाने नियमाप्रमाणे शेरा मोठ्याने वाचून दाखवला: "पती-पत्नी विभक्त. सामानाचे वाटप चालू." मागच्या बाकावर बसलेली पाच-सहा माणसं सावरून बसली. ही समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मग तिने पेन घेतलं आणि आम्ही दोघं एकाच घरी, एकाच छपराखाली, कोणतीही वाटणी न करता राहतो, असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. मी खाली सही केली. लग्नाच्या नोंदणीच्या वेळीही मी इतकी जपून सही केली नव्हती.

तिकीट हातात पडलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "रिक्षा करू या."

"चालत जाऊ," ती म्हणाली.

चौक ओलांडला. मग ती म्हणाली, "मला येतं ते."

"काय?"

"चौथा प्रश्न. केव्हापासून येतो. 'मेक फ्रेंड्स विथ हिम.' माणूस एकच, तरी फ्रेंड्स. का? तर मैत्री एकट्याने होत नाही म्हणून. 'शेक हँड्स'चंही तेच, समोरच्याने हात पुढे केलाच नाही तर काय हलवणार? मी माझ्या पद्धतीने ठेवते लक्षात. तुम्ही जवळ नसलात की सगळं येतं मला. पण पेपर समोर आला की एकेका शब्दामागून तुमचा 'चूक!' ऐकू येतो. मग लिहिलेलं खोडते. दोन्ही वेळेस मी बरोबर लिहिलेलंच खोडलं होतं."

मी रस्त्यातच थांबलो. मागून येणारा सायकलवाला मला काहीतरी बोलून गेला, ते योग्यच असावं.

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

"बोलणार होते त्या रविवारी," ती म्हणाली. "पण तुम्ही इतक्या हौसेने चिकटवत होतात."

मला तिथे भर रस्त्यात इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. दोनदा नापास झाली ती ही नव्हती, मी झालो होतो. गुणपत्रिकेवर नाव तेवढं तिचं आलं. मी माफी मागितली. मला ती नीट मागता येत नाही, सवय नाही. पण तिने मागू दिली.

शनिवारी ती अभ्यासाला तिच्या कार्यालयात जाऊन बसली आणि मी चिठ्ठ्या काढल्या. रुग्णालयाचा गोंद फार उत्तम प्रतीचा असतो. दुपारपर्यंत ओल्या फडक्याने घासत होतो. मावशी दारातून डोकावल्या, माझ्याकडे बघून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "समेट झाला ना? छान झालं." मी हो म्हणालो. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

रविवारी तिने मला परीक्षेच्या केंद्रावर येऊ नका असं सांगितलं होतं, आणि घरीही बसू नका, कारण परत आल्या आल्या तुमचं तोंड प्रश्नचिन्हासारखं दिसायला नको. म्हणून सुट्टीच्या दिवशी भांडार उघडून मी चादरी मोजल्या. दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळेस आकडा वेगळा आला, असं माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. संध्याकाळी घरी आलो तर ही सोफ्यावर बसून चहा पीत होती. चौथा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. मी तो गिळला आणि वर पाणी प्यायलो.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "काही विचारायचं नाहीये का?"

"दुपारी जेवलीस का नीट?"

मग तिने तिच्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

दोन महिन्यांनी निकाल लागला. ही पास झाली. इंग्रजीत चौसष्ट. एकसष्टहून तीन जास्त, म्हणजे काही फार नव्हेत, पण त्या दिवसापासून मी घरात एकसष्ट हा आकडा उच्चारलेला नाही. मी सगळ्या इमारतीत पेढे वाटले. सेक्रेटरींना दोन दिले.

पण सरकारी नोकरीत बढती कधी एकटी येत नाही, बदली तिचं बोट धरून येते. आदेश आला तो दुसऱ्या गावचा. एसटीने सहा तास. किमान दोन वर्षं. नको असेल तर पंधरा दिवसांत नकार कळवा, म्हणजे आहे त्या खिडकीवर आहे तशी कायम. इमारतीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. "शेवटी जातेच आहे ना!" मावशी जिन्यात काकूंना म्हणाल्या, आणि मला बघून एकदम भाजीच्या भावावर बोलायला लागल्या.

आम्ही दोघंही त्या आदेशावर बोलत नव्हतो. तो टेबलावर पडून होता आणि आम्ही त्याच्या कडेने जेवत होतो. बाराव्या दिवशी कार्यालयातून आल्यावर तिने एक कागद माझ्यासमोर ठेवला.

"जरा तपासून द्या."

इतक्या वर्षांत तिने स्वतःहून मला इंग्रजी तपासायला दिलं नव्हतं. मी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि वाचायला लागलो. बढतीला नकार देणारा अर्ज होता. घरगुती कारणांमुळे, असं लिहिलं होतं. कारणं अनेक दिली होती. मला त्यात एकच दिसत होतं, आणि ते चष्मा लावून कागद वाचत बसलं होतं.

मी अर्ज चार वेळा वाचला. एस हवा तिथे एस होता, नको तिथे नव्हता. शेवटी 'मेनी थँक्स' सुद्धा बिनचूक होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटत होतं की यात एखादी चूक सापडावी, निदान कुठेतरी हात थरथरलेला दिसावा. अक्षर स्वच्छ होतं. खाली तिची सही होती, लफ्फेदार, बावीस वर्षं साठवून ठेवल्यासारखी.

"झालं वाचून?" ती खिडकीशी उभी होती.

"चूक आहे," मी म्हणालो. मोठ्याने नाही.

ती चपापून वळली. "कुठे?"

"सबंध कागदच."

ती टेबलापाशी आली. मग खुर्ची ओढून समोर बसली. "दोन वर्षं आहेत हो. तुमच्या गोळ्यांच्या वेळा कोण बघणार? खाणार काय तुम्ही?"

"शिकेन."

"तुम्ही?"

"पहिल्यांदा राहीन. दुसऱ्यांदा राहीन. तिसऱ्यांदा होईन पास." मी पेनाला टोपण लावलं. "तू गेलीस तर मला करमणार नाही. अजिबात करमणार नाही. पण माझ्यामुळे तू त्या खिडकीवर राहिलीस, तर मला तुझ्या तोंडाकडे बघता यायचं नाही."

हे सगळं मी टेबलाकडे बघून बोललो, कारण समोर बघण्याची सोय नव्हती. तिने नाक ओढलेलं ऐकू आलं. मग तिने हात लांब करून अर्ज उचलला, मधोमध फाडला, पुन्हा एकदा फाडला आणि तुकडे माझ्या हातात दिले.

"रुजू होते म्हणून उद्याच कळवायला हवं," ती डोळे पुसत म्हणाली. "सकाळी लवकर उठवा मला. अर्ज लिहायचाय."

मी सवयीने पेन तिच्या बाजूला सरकवलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"आणि तो मी तुम्हाला दाखवणार नाहीये," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.